राखाडीतून राखाडीत

खोक्यावर छापलंय, एक मिलिसेकंद.
खोटं नाही रे ते, यान-टिंग,
सगळ्यात सोप्या उडीचं माप आहे फक्त.

शिनचूच्या कारखान्यात अकरा वर्षं
मी पडद्यापुढे प्रकाशमापक धरून बसते.
काळ्यातून पांढऱ्यात
स्फटिक कसे ताडकन उठतात!
अडतात ते
गडद राखाडीतून थोड्या कमी गडद राखाडीत.
तिथे कुणालाच घाई नसते.
आणि तुझा खेळ तर सगळा गुहांमधला,
धावणाऱ्यामागे धुरकट शेपूट दिसेल.

दुकानदार म्हणेल, ओव्हरड्राइव्ह शेवटपर्यंत चढवा.
ऐकू नकोस.
ढकललेलं चित्र हद्द ओलांडतं,
मागे उजळ भूत सोडतं.
मधली पायरी बरी.

एकशे चव्वेचाळीस हर्ट्झ म्हणजे
प्रत्येक चित्राला जेमतेम सात मिलिसेकंद.
तेवढ्यात जुनं पुसलं नाही
तर नव्यावर ते सांडतं.

मार्चमध्ये तू म्हणालास, कॉलेज सोडतोय,
संघात घेतलंय मला.
मी भात वाढत राहिले.
"बरं" म्हणाले तेव्हा ऑक्टोबर लागला होता,
आणि तोवर तुझ्या प्रत्येक बोलण्यामागे
मला गणवेशातला मुलगा दिसायचा,
दप्तराचा एक पट्टा निसटलेला.

हा घे. सत्तावीस इंची नको, चोवीसच.
पैसे मी देते, तू पावती जप.

स्कूटर हळू घे वळणावर.
वारा शिनचूचा आहे
आणि खोकं माझ्या मांडीवर.