शंभर-दीडशे

मधमाश्यांच्या पेट्या रात्रीच हलवतात.
दिवसा त्या घरी नसतात, एवढं साधं कारण.
अंधार पडला, शेवटची आत शिरली,
की रेवणसिद्ध हत्तरकी दारांना जाळ्या ठोकतो.
दोघं मिळून चाळीस पेट्या टेंपोत चढवतो,
वर ओली पोती.

सांगोल्याच्या माळावर इमडे अण्णांची डाळिंबं.
हस्त बहार धरला, भाडं चुकतं झालं, पेटीमागे ठरलेलं:
मजुरी माश्यांची, सही रेवणसिद्धची.
आता अक्कलकोटच्या पलीकडे करडई पिवळी झालीय.

इंजिन बंद करायचं नाही, तो बजावतो.
गाडी थरथरत असली की त्या गप्प.
मंगळवेढ्याच्या अलीकडे पावती फाडायला थांबलो,
सवयीनं किल्ली फिरवली,
आणि मागून असा आवाज उठला
की पावतीवाल्यानं सुट्टे पैसेही मागितले नाहीत.

एकदा माझा जॅक राहिला बागेत.
दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर परत गेलो.
पेट्यांखालचं गवत चौकोनी पिवळं पडलेलं,
विटा तशाच.
आणि विटांच्या वर, वीतभर उंचीवर,
जिथं दार होतं बरोबर तिथं,
माश्या.
पायांना परागाच्या पुड्या बांधून येत होत्या,
हवेत थबकत होत्या,
उतरायला फळी नाही.
पुन्हा लांब जाऊन, पुन्हा नीट नेम धरून,
जणू पत्ता त्यांचाच चुकला.

फोन लावला.
‘शंभर-दीडशे राहतातच,’ रेवणसिद्ध म्हणाला,
‘रात्री बाहेर अडकलेल्या. हिशोबात धरलेल्या असतात.’

हिशोबात धरलेला माणूस मी पाहिलाय.
गिरणी बंद झाली तेव्हा मी सहावीत.
भोंगा थांबला, बाप थांबला नाही.
सकाळी सहाला डबा, खिशात पितळी बिल्ला,
साखर पेठेतून सरळ गेटापर्यंत.
कुलपासमोर उभा राहायचा.
चार पावलं मागं.
पुन्हा पुढं.
आईनं डबा भरणं सोडलं नाही,
आणि आम्ही कुणी विचारलं नाही, तो खातोस कुठं.

त्या जॅकनंतर मी एक पेटी मागं ठेवतो.
रिकामी, आत जुन्या मेणाच्या दोन चौकटी.
दुसऱ्या रात्री जाऊन घेऊन येतो.
पेट्रोल माझं. रेवणसिद्ध कपाळाला हात लावतो,
मूठभर माश्यांसाठी दीडशे किलोमीटर!
चावतात त्या. गेल्या खेपेला पापणीवरच चावली,
दोन दिवस एका डोळ्यानं गाडी हाकली.

आज अडीचला शहरात शिरलो.
घरासमोर टेंपो उभा केला, इंजिन चालू ठेवून,
म्हटलं पाण्याची बाटली भरून घेऊ.
बाप ओट्यावर जागाच.
लिंबाद्री साचेवाला. साच्यांनी दोन्ही कान नेले त्याचे,
आता फटाकाही ऐकू येत नाही.
उतरला, पोतं सारलं,
पेटीवर तळहात टेकवला पालथा,
ताण्यावर टेकवायचा तसा.
मग कपाळाला आठी. मान हलवली.
खिडकीतून आत हात घालून
किल्ली फिरवली त्यानं.

बाबा, नको, मी ओरडलो. कुणाला?

चाळीसच्या चाळीस पेट्या उठल्या एकदम.
रेवणसिद्ध केबिनमधून उडी मारून गल्लीच्या टोकाला.
बाप हलला नाही.
हात तसाच, डोळे मिटलेले,
बोटं हळूहळू ताल धरू लागली.
किती वर्षांनी हसला, दात नसलेला.

‘रातपाळी चालू हाय की बे,’ म्हणाला.

समोरच्या माडीवर दिवा लागला.
पोशव्वा खिडकीतून विचारत राहिली,
कसला आवाज, ए, कसला आवाज हा.
बापाला काही ऐकू आलं नाही.