अर्धा तास

गोळी मसुराहून लहान.
दोन स्टीलच्या चमच्यांमध्ये ती चिरडायची,
चार थेंब पाणी,
आणि करंगळीने दुर्वाच्या गालाच्या आत लावायची.
मग अर्धा तास काही नाही.
दूध नाही.
लोहाचे थेंब तर दुपारपर्यंत नाहीत.
भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे,
ती वजा करायची.

सात महिने सगळे म्हणायचे,
किती गुणाची पोर, रडतच नाही.
चोडणच्या धक्क्यावरून रायबंदरला जाताना
फेरीतल्या बायका तिला मागून घ्यायच्या,
मांडीवर ठेवल्या जागी ती राहायची.
पुढे बांबोळीची बस,
एप्रिलच्या घामातसुद्धा झबल्यावर स्वेटर,
आणि तरी पाय
माठाच्या बुडासारखे गार.

मी सूज बघत होते.
पापण्या, पोट,
पावलावर दाबल्यावर उरणारा खळगा.
लघवीवरचा फेस बघत होते,
कागदी पट्टी पिवळ्याची हिरवी झाली की
वहीत लिहीत होते: तीन अधिक, चार अधिक.
शांतपणा मोजायची पट्टी
मला कुणी दिली नव्हती.

डॉक्टर लुर्दिनांनी जुन्या रिपोर्टच्या पाठीवर
चित्र काढलं, बरंच वाईट.
"गळ्यातली ग्रंथी चांगली आहे हो, काम करते.
पण ती जे बनवते
ते प्रथिनांच्या पाठीवर बसून फिरतं,
आणि प्रथिनं तर मूत्रपिंडातून वाहून चाललीत.
तुम्ही चोडणच्या ना?
समजा, फेरीबोटच सुटून समुद्राला लागली,
तर उतारू कुठे उतरायचे?"
मी हसले.
परतताना मांडवीच्या मध्यावर
दुर्वाला एका हाताने धरलं
आणि दुसऱ्याने कठडा.

सासऱ्यांना फेरीचं पटलं नाही.
चाळीस वर्षं ते खाजणाच्या बांधावर,
भरती आत येऊ नये, ओहोटीला पाणी निघावं,
मधलं कोरगुटाचं भात जगावं
म्हणून लाकडी मानशीच्या झडपा राखलेल्या.
जेवता जेवता म्हणाले,
"म्हणजे मानशीची फळी कुजलीय.
जायचं ते जातं, राहायचं तेही जातं."
मी म्हटलं, हो.
"फळी बदलतात की."
बदलतात. आधी ती दहा किलोची व्हायला हवी.
"आता किती?"
सहा. त्यातलं पाणी किती, कोण जाणे.

ते हात धुऊन टॉर्च घेऊन निघाले,
ओहोटीची वेळ होती.
दारातून, माझ्याकडे न बघता:
"नवी फळी येईस्तोवर आम्ही भेगेत
चिखल आणि पेंढा दडपायचो.
रोज धुऊन जायचा.
रोज दडपायचो."

जन्मल्यावर टाचेतून घेतलेलं रक्त
बरं होतं, हेही सांगायला हवं.
मी ते मध्यरात्री पुन्हा पुन्हा आठवते,
जणू त्या कागदावर माझी सुटका छापलीय.

चौथ्या आठवड्यात तिने
सासऱ्यांच्या टॉर्चकडे मान वळवली.
सहाव्यात शी झाली, रोजच्या रोज,
आणि मी ती बातमी नवऱ्याला
कुठ्ठाळीच्या गोदीत फोन करून दिली.
तो म्हणाला, बरं, आणि फोन ठेवेना.

पट्टी अजून हिरवीच होते.
फेस आहे. दर शुक्रवारी बांबोळीत
नसेतून चढवायचं ते चढवतातच,
ते दोन दिवसांत निघून जातं.

पण आज, सहाला वीस कमी,
गोळी पोटात गेल्यावर चारच मिनिटांनी
तिने तोंड उघडलं.
पूर्वीचं ते घोगरं, अर्ध्यात थकणारं नव्हे.
पाय झाडत, मुठी आवळत, कौलांपर्यंत.
शेजारच्या फिलोमेनाने खिडकीतून हाक मारली,
"कितें जालें गो?"

काही नाही, मी ओरडले,
भूक लागलीय तिला.

आणि ते ऐकायला
शेजारीण अजून कुणी जागी आहे का
म्हणून अंगणात आले,
ओरडणारी पोर खांद्यावर घेऊन.
सव्वीस मिनिटं होती.