चार बोटं वर

टॉडमॉर्डनला, कालव्याच्या काठी,
नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानावर
ग्वेंडा ऑल्थॉर्पची खोली.
जिना अरुंद. तिसऱ्या पायरीशी भिंतीवर रेघ:
पुराचं पाणी इथवर.

मी आले ती अंगठ्यासाठी.
एकतीस वर्षं हॅलिफॅक्सच्या इस्पितळात
पिपेट दाबून दाबून झिजलेला उजवा अंगठा.
एक्स-रे स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, वय.
सून म्हणाली, जाऊन तर बघा, पैसे मी देते.
फुकट ते पौष्टिक. आले.

ग्वेंडा आधी विचारते: गोळ्या कोणत्या चालू आहेत?
वहीत लिहून घेते, वाचून दाखवते,
यातली एकही माझ्यामुळे बंद करायची नाही, शॅलन.
शालन, मी म्हणते.
शॅलन, ती म्हणते.
मग बूट बाहेर काढायला लावते. हे मला आवडलं.

निजवून ती हात धरते
माझ्या अंगापासून चार बोटं वर.
आपल्याकडे माजलेल्याला स्वर्ग दोन बोटं उरतो.
इथे मी आडवी, आणि तो चार बोटांवर,
त्याला लॅव्हेंडरचा वास, आणि थोडा
तिनं दुपारी चिरलेल्या कांद्याचा.

ऊब येते. खरंच येते.
कपाळावर, गळ्याशी, मग पोटावर.
पण माझ्यातली प्रयोगशाळा जागीच:
खाली सहा नंबरचा ड्रायर फिरतोय,
ऊब वर चढते, हे शाळेतलं शास्त्र.
पुढच्या खेपेला मुद्दाम रविवार मागितला.
दुकान बंद. ऊब आली. जरा कमी.
नोंद केली. निष्कर्ष काढला नाही.

चौथ्या खेपेला ती अंगठ्यापाशी येऊन थांबली.
काही विचारलं नाही.
विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं.
छताकडे बघत मीच बोलायला लागले,
मराठीत सुरू झाले, मध्येच इंग्रजीवर आले:
एका मुलाचं रक्त. सात वर्षांचा. गुरुवार.
काचपट्टीवर पसरलं, रंग दिला, भिंगाखाली धरलं,
आणि त्याच्या आईच्या दोन तास आधी
मला कळलं.
ती तेव्हा कॅन्टीनमध्ये त्याच्यासाठी केळं सोलत असेल.
मी फोन लावला. सही केली.
पुढची नळी उचलली.
याच अंगठ्यानं.
अशा किती, ते मोजलं नाही
मी, जिचा पगारच मोजण्याचा.

खाली ड्रायर थांबला.
ग्वेंडाचे हात पहिल्यांदाच टेकले. गार होते.
एक सांगू? म्हणाली. मार्चपासून
माझ्या हातांना काहीच जाणवत नाही.
आधी मुंग्या यायच्या, झऱ्यात बोटं धरल्यासारखं व्हायचं.
आता नुसते हात.
तरी येते, धरते. लोक पैसे देतात.
रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

मी उठून बसले.
म्हटलं, बाई, आमच्याकडे एक ओळ होती,
दिवसातून शंभरदा लिहायचो:
काही आढळलं नाही.
त्या एका ओळीसाठी माणसं
देव पाण्यात घालून बसतात.

ती हसली की काय, कळलं नाही. नाक शिंकरलं.
चहा केला, दूध आधी घालून,
आणि चाळीस पौंडांतले वीस माझ्या पुढ्यात सरकवले.
मी दहा घेतले. सुनेचे आहेत, म्हटलं.

अंगठा अजून दुखतो.
लोणच्याच्या बरणीचं झाकण शेजारचा बॅरी उघडून देतो.
पण परवा जिना चढून गेले तर ग्वेंडा खुर्चीत,
दिवसभराची माणसं अंगावर घेऊन,
हात मांडीवर पालथे.
मी बूट काढले.
माझा हात धरला तिच्या हातांच्या
चार बोटं वर.

मला विचाराल, तर नोंद एवढीच:
खाली कुणाचे तरी मोजे
गरगर फिरत होते.