शाई

नंदुरबारला, मिरचीच्या पथारीमागच्या शाळेत
माझी ड्यूटी : बोटाला शाई लावायची.

साडेचारला डेठ खुडणाऱ्या बाया एकदम आल्या
आणि अख्खं केंद्र शिंकायला लागलं,
दोन्ही पक्षांचे एजंटसुद्धा, एका सुरात.

प्रचारात रेल्वे आली होती, कारखाना आला होता,
बायांच्या खात्यात महिन्याला किती, यावर तर बोलीच लागली.
खुडणीचा किलोमागचा दर
कुणी काढला नाही.

झिमाबाई वळवीनं डावा हात पुढे केला.
"लाय भाऊ, पन जपीसन. आग व्हस."
बोटावर रेषाच नव्हत्या,
तिखटानं खाल्लेल्या.
"रेशननं मशीन माले वळखत नही.
तुमनं बरं शे,
तुमले नुसतं बोट लागस."

लावली शाई.

रात्री घरी, पेटी जमा करून आल्यावर,
विसरून
डोळा चोळला.