हेल्मेटवरचे रंग

नदीपलीकडच्यांचा लाल,
खाणवस्तीतल्या पोरांचा पिवळा...
ऑक्टोबर संपता संपता एमेटच्या हेल्मेटवर
ओहायोतल्या निम्म्या गावांनी रंग सोडलाय.
कपाळावरचा निळा कुणाचा, त्याला आठवत नाही.

शनिवारी तो पडला, उठला,
आणि समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसला.
सगळे हसले. मीही.
कोच म्हणाला, काजवे चमकले असतील, इतकंच.

काल त्यानं दूध भांड्यांच्या कपाटात ठेवलं
आणि दार हळूच लावलं, पाहुण्यासारखं.
साताचा पाढा म्हणताना
एकोणपन्नासपाशी थांबला,
पुढचा आकडा अंगणातून कुणी हाक मारून सांगेल
तशी वाट बघत.

मी हेल्मेट घासते.
लाल जातो, पिवळा जातो,
निळा नखानं खरवडावा लागतो.

आतला स्पंज मात्र कोरा.
तिथं काहीच उमटत नाही.