उजवा पाय

थुमरैतला जिप्सम भरलं तेव्हा
ऊन होतं, खडखडीत.
सलालाचा उतार लागला आणि
खरीफचं धुकं काचेला येऊन चिकटलं
ओल्या धोतरासारखं.

चाळीस टन पाठीशी.
इस्माईल मुकादम म्हणायचे,
माल मागं बसलाय, घाई त्याला आहे.
तुला नाही.
चढायला लागला असता त्याहून खालच्या गिअरात उतर,
उतार इंजिनाला ओढू दे.
ब्रेक म्हणजे गाठीचा पैसा,
वळणावळणाला मोडलास
तर वेळेला हात रिकामा.

तिसऱ्या वळणापलीकडे
ती वेळ उभी होती.
उंटीण. पोटाशी पिल्लू.
मधल्या पट्टीवर, जणू तिथंच खुंट ठोकलाय.

सगळं अंग म्हणालं, हाण लाथ!
आणि चौदा वर्षांपूर्वीचा
सोहारच्या यार्डातला तो खर्जातला आवाज:
लाथ गाढवाला मारतात. तू दाब.
घट्ट दाब, चाक अडेपर्यंत,
अडलं की सोड, फिरू दे, पुन्हा दाब.
अडलेलं चाक म्हणजे नुसता धोंडा,
धोंड्याला स्टिअरिंग कळत नाही.
क्लच नको. अजून नको.
इंजिनाचा हात सोडू नकोस.
तिच्याकडे बघू नकोस, बघशील तिथंच जाशील.
फट बघ.

फट होती.
डावीकडे, ट्रकपेक्षा अरुंद.
दाब. सोड. दाब.
हवेचा काटा खाली खाली,
आरशात ट्रेलर शेपटीसारखा वळवळायला लागलेला,
मग विचार बदलल्यासारखा सरळ.
आता क्लच.

थांबलो.
वायपर दोनदा फिरला.
बंपरपुढे चार हातांवर
उंटिणीनं मान वळवली,
काहीतरी चघळत होती,
मग पिल्लाला घेऊन गेली, घाई न करता.

जळक्या लायनिंगचा वास.
पाय पेडलवरून उचलेना.
हातानं गुडघा धरून उचलला,
दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

कडेला घेतलं, ड्रम निवेपर्यंत बसलो.
ते टिक टिक वाजत होते.
मुकादमांना दापोलीला फोन लावला.
तिकडे कुकरची शिट्टी, नातवंडांचा गलका.
सगळं सांगितलं, न थांबता.
म्हातारा गप्प.
कसा आहेस वगैरे नाहीच,
विचारलं एवढंच: मागं त्रिकोण ठेवलास?

ठेवला. दीडशे पावलं मोजून.
पण चाचा, धुकं इतकं आहे,
इथून मला दिसतसुद्धा नाही.

तुला दिसून काय करायचंय, म्हणाले,
तो तुझ्यासाठी नाही.