नवतप्यातली प्रणाली

मुलगा पुण्याला जाताना संगणक ठेवून गेला.
बर्डीवरच्या दुकानदारानं झाकण काढून आत फुंकर मारली,
म्हणाला, भंगारात द्या, दोनशे येतील.
दोनशेत तर मी स्वतःलाही देणार नाही.

शेजारच्या थूलांची पोरगी पेनड्राइव्ह घेऊन आली.
लिनक्स आहे काका, फुकट,
कोणा एकाचं नाही.
नवी प्रणाली टाकू म्हणाली,
आणि तिचं स्वतःचं नावही प्रणाली.
मी दोनदा हसलो. ती एकदाही नाही.
तीही शिकाऊच, पॉलिटेक्निकचं पहिलं वर्ष.

पहिल्याच रात्री त्यानं पासवर्ड मागितला.
टाईप करतो तर पडद्यावर काहीच नाही,
टिंब नाही, फुली नाही.
कीबोर्ड उलटा करून झटकला.
चिवड्यातले दोन शेंगदाणे निघाले.
सकाळी प्रणाली म्हणाली,
थे दिसतच नाही काका, तुम्ही टाकत राहा.
कधी देवळाची पायरी न चढलेला मी,
न दिसणाऱ्यावर भरवसा ठेवून
एन्टर दाबलं.

मग तिच्या वहीतली एक ओळ.
तीनदा दिली, तीनदा तेच उत्तर:
अशी आज्ञा सापडत नाही.
काहून नाही सापडत बे, ती त्यालाच विचारू लागली.

मी इतवारीत एकतीस वर्षं खिळे जुळवले.
डाव्या हातात स्टिक, उलटी अक्षरं.
शब्द संपला की कोरा खिळा लावायचा,
तोही शिशाचाच, तोही वजनाचा,
फक्त बुटका,
म्हणून त्याला शाई लागत नाही.
जुन्या सवयीनं ओळ शेवटाकडून वाचली.
दोन शब्दांमधला तो बुटका
लावायचाच राहिला होता.

मराठी उघडली तर जोडाक्षरं फुटलेली.
'विद्यार्थी'तला द वेगळा, य वेगळा,
वाटणी झालेल्या भावांसारखे.
रफार कुठे तरी वर लटकलेला.
असं प्रूफ आलं असतं तर आमच्या मालकांनी
लाल पेन्सिल मोडली असती.
नवा फॉन्ट टाकून अक्षरं एकत्र नांदायला
रात्रीचे साडेबारा झाले.

आणि मग नवतपा लागला.
रोज दुपारी दोनच्या सुमारास पडदा काळा.
डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून प्रणाली यायची.
जुनं कर्नल लावलं, नवं लावलं,
ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला,
रॅमचे दात खोडरबरानं घासले.
नोंदवही उघडून वाचली:
दोन वाजून चार मिनिटांपर्यंत सगळं ठीक,
पुढे वाक्यच अर्धं,
बोलता बोलता कोणी उठून जावं तसं.
आठ दिवस.
तिचे बाबा म्हणाले, दोघंही येडे झाले.

मंगळवारी नळ आले नाहीत.
कूलर कोरडा, म्हणून बंद.
संगणक संध्याकाळपर्यंत चालला.

आम्ही दोघांनी एकाच वेळी खाली पाहिलं.
एकच बोर्ड.
एका छिद्रात कूलर, दुसऱ्यात संगणक,
आणि मध्ये चिकटपट्टीनं बांधलेली वायर,
मीच बांधलेली, मागच्या दिवाळीत.

बाप्पा, म्हणाली ती,
आणि मग हसली,
महिन्याभरात पहिल्यांदा.

आता संगणकाची वायर बैठकीतून ओढली आहे,
येणारा जाणारा अडखळतो.
तिची वही माझ्याकडेच राहिली.
तिच्या आज्ञांमध्ये जिथे जिथे जागा सोडायची
तिथे मी प्रूफाची खूण केली आहे,
आणि पहिल्या पानावर:
आधी भिंतीतला प्लग पाहणे.

परवा एका यादीत 'पुर्वीचे' दिसलं.
ऱ्हस्व.
मी म्हटलं, हे कुणी केलं?
कोणीतरी आपल्यासारखंच, ती म्हणाली,
कळवा ना, ते बदलतात.
कळवलं. उकार दीर्घ हवा, एवढंच.
खाली नाव, मानेवाडा, नागपूर.

उत्तर नाही अजून.
काहीही अपडेट आलं
की मी आधी ती यादी उघडतो.